तळ्याचा दम कोंडला तेव्हा

सगुणा ही उरणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातली विधवा. तिच्याकडे उघाडीची राखण होती. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीला ती बंद ठेवायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं; ओहोटीला उघडून साचलेलं पाणी खाडीत सोडायचं. हे काम नवऱ्यामागे तिनं हट्टानं मागून घेतलं होतं, आणि बाईमाणसाला झेपणार का म्हणून गावानं तिची टिंगलही पुष्कळ केली होती. बांधाच्या आत गावाचं तळं होतं. त्यात जिताडे वाढत. लेकीच्या सासरी मानाचा मासा पाठवायचा तर तो जिताडाच.

एकोणीसशे एकतीसच्या भादव्यात गौरी उठल्या, तेव्हा घराघरानं तेरड्याच्या गौरी, हार, नैवेद्याची पानं त्या तळ्यात सोडली. दरसालचीच रीत. पण त्या साली पाठोपाठ पाऊस थांबला, वारा पडला, आभाळ मात्र गच्च राहिलं. पाणी काळं पडून घाण मारू लागलं.

एके दिवशी उजाडताना पाहावं तो जिताडे पाण्यावर आ वासून तरंगताहेत, काही तर उलटेच पडलेले! गावातल्या हिरामणनं त्यातला एक थोरला जिताडा लेकीच्या सासरी धाडायला राखला होता. तळ्यात विष कालवल्याची त्यानं बोंब ठोकली, "ईख घातलंय कुनीतरी!"

बांधापलीकडे नजमुद्दीन नावाच्या खलाशाचं गलबत दुरुस्तीला लागलं होतं. आदल्या संध्याकाळी नमाजाआधी तो तळ्यात हातपाय धुताना कुणाला तरी दिसला होता. तेवढं पुरलं. परगावचा, परधर्माचा, एकटा. दोष द्यायला इतका सोयीचा माणूस गावाला दुसरा कुठे मिळायचा? मला अजून चीड येते. त्याला उघाडीच्या खांबाला बांधलं आणि हिरामण कोयता घेऊन पुढे उभा राहिला.

"अल्लाची कसम, मी फक्त वजू केला," नजमुद्दीन पुन्हा पुन्हा सांगत होता.

सगुणा गर्दीतून वाट काढत मध्ये आली. "ईख न्हाय हे. पान्याचा दम सपलाय. ऊन पडू द्या. मासं खाली गेलं तर ह्याला सोडा."

"आनि न्हाय गेलं तर?" हिरामणनं विचारलं.

पाण्यातलं सगळंच श्वास घेतं, कुजणाऱ्या तेरड्यावर पोसणारे न दिसणारे जीवसुद्धा. रात्रभरात त्यांनी तळ्यातली हवा संपवली होती. पाण्यातलं शेवाळ ती परत देतं, पण त्याला ऊन लागतं. हे मी पुढे शाळेत शिकलो. सगुणाला एवढंच ठाऊक होतं की मळभ असलं की सकाळी मासे वर येतात आणि ऊन आलं की जातात. इतके बेजार झालेले मात्र तिनंही कधी पाहिले नव्हते.

ऊन काही येईना. भरती चढलेली, त्यामुळे उघाडी उघडायची सोय नव्हती. लोकांचा धीर सुटू लागला. कुणी गलबत पेटवायची भाषा करू लागलं. तेव्हा सगुणा वाकली, तिनं तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिऊन टाकलं. थोड्या वेळानं ती भडाभडा ओकली.

"बगा, ईखच हाय!" हिरामणनं कोयता उचलला.

"घान हाय, म्हनून वकले," असं म्हणून तोंड पुसत तिनं दुसरी ओंजळ भरली. तीही प्याली आणि नजमुद्दीनच्या पुढ्यात बसून राहिली. माझ्या आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

शेवटी ढग फाटले. तळ्यावर ऊन पडलं. तरी बराच वेळ काही होईना. मग एक जिताडा खाली गेला, मागोमाग दुसरा. कोयता हळूहळू खाली आला. हिरामणचा थोरला जिताडा मात्र उलटाच राहिला.

ओहोटीला सगुणानं उघाडी उघडली आणि ते काळं पाणी खाडीत गेलं. आमच्या तळ्यात जिवावर उठलेली ती कूज तिथल्या चिखलाला खत झाली असावी, कारण त्या हिवाळ्यात खाडीत बोय मासा मायंदाळ मिळाला.

पण ते पुढचं. त्या दिवशी दोर सोडताना हिरामण तिला म्हणाला, "खरंच ईख निंगालं असतं तर, गो?"

"तर मी मेले असते," सगुणा म्हणाली. "तुमी ह्याला मारताना बगायला तरी लागलं नसतं."