टेंडरात न मावलेला फलाट

कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात गुणाबाई चौदा वर्षं झाडलोट करत होती. तेवढ्या काळात कितीतरी ठेकेदार आले नि गेले. भातलावणीच्या दिवसांत चिखलाचे पाय कुठल्या जिन्यानं चढतात, रानभाजीच्या पाट्या कुठं उतरतात, सगळं तिला पाठ.

गेल्या साली नवं टेंडर निघालं आणि सगळंच बिनसलं. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळालं. टेंडरातल्या अटीप्रमाणे त्यानं फरशी पुसायची यंत्रं आणली आणि आठ बायकांतल्या सहा घरी बसवल्या. गुणाबाई राहिली. पण फलाट जुन्या दगडी फरशीचा, खाचखळग्यांचा. यंत्र दहा पावलं गेलं की अडायचं. तिसऱ्या महिन्यात ठेकेदार एक मोडकं यंत्र मागं टाकून पसार झाला. पुन्हा टेंडर निघालं, दुसरा आला, तोही टिकला नाही. तिसऱ्या खेपेला कुणी बोलीच लावेना.

सून संजीवनी मोबाइलवर टेंडर वाचत होती.

"आई, यात लिवलंय, फलाट गुळगुळीत हाय. न् पान्याचे नळ सा."

"सा? एकच तर हाय, त्यो पन पार टोकाला!" गुणाबाई हसत सुटली. "लिवनारा हितं कदी आलाच नाय गो."

"मंग तुमी सांगा ना. बुधवारी रेल्वेचे साहेब येनार हायत, ठेकेदारांना जागा दाखवाया."

बुधवारी गुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. साहेबांभोवती चार ठेकेदार उभे. तिनं सरळ ते मोडकं यंत्रच ओढत आणलं.

"साहेब, तुमीच ढकला जरा."

ठेकेदार हसले. साहेबांनी मात्र बाह्या सारल्या आणि जोर लावला. सातव्या पावलाला चाक फटीत रुतलं. साहेब घामाघूम.

"मावशी, मग इथं लागतं तरी काय?"

"आठ बायका, दोन नळ न् लांब पाइप. बाकी आमी बघतो."

साहेब तिच्यासोबत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, मधे थांबून सगळं लिहून घेतलं. दोन महिन्यांनी टेंडर निघालं ते नव्या अटींचं. तिघांनी बोली लावली. नवा ठेकेदार आला, सहाही जणी परतल्या, आणि मुकादम म्हणून गुणाबाईचं नाव लागलं. आठवड्याची भरपगारी सुट्टीही अटीतच होती.

पौषात त्या सुट्टीच्या दिवशी ती संजीवनीला घेऊन म्हशाच्या जत्रेला गेली. देवदर्शन झालं, बैलांच्या बाजारात उगाच भाव विचारून झाले. गुणाबाईनं आपल्या पगारातून स्वतःसाठी एक काळंभोर घोंगडं घेतलं आणि तिथंच खांद्यावर टाकलं.

"आई, ऊन किती पडलंय!"

"पडू दे. माझं हाय, मी पांगरनार."