डुबकीसाठी बंगला पाहिजे

आमच्या डेपोत सागवानाच्या थप्प्या लागत, तशाच किश्श्यांच्याही लागत. खालचा एक ओढायला जावं, तर वरचे चार घरंगळत पायावर येतात! काल नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी लोक सुट्टीत कुठे जायचे?" झालं, थप्पी कोसळली.

गोष्ट आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाची. गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्याचाच. मी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून. डेपोचं नाव सांगत नाही, कारण त्यातले काहीजण अजून पेन्शन घेतात आणि मला त्यांच्या घरी जेवायला जायचं असतं.

*

शिमग्याच्या आधी एका सकाळी आमचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, नामदेवभाऊ ऑफिसात आला आणि जमिनीवरच बसला. तोंड पांढरं फटक.

"काय झालं?"

"हातोडा गेला जी."

माझ्या हातातला टाकच पडला! ज्यांना जंगल खातं माहीत नाही त्यांना सांगतो. प्रत्येक नाकेदाराकडे शिक्क्याचा लोखंडी हातोडा असे, त्यावर खात्याची खूण आणि त्याचा नंबर. लाकडावर तो ठप्पा बसला की लाकूड कायदेशीर. हातोडा चोराच्या हाती लागला तर तो अख्खं जंगल कायदेशीर करून नेणार! म्हणून बंदूक हरवली तर चौकशी, पण हातोडा हरवला तर थेट घरी. आणि नामदेवभाऊच्या घरी सहा माणसं जेवणारी.

"कुठे पडला?"

"पाण्यात."

"कोणत्या पाण्यात?"

"तेच तं माहीत नाई ना भाऊ! साऱ्या हद्दीच्या दौऱ्यावर होतो. जातानी पिपरटोल्याच्या तलावात डोंगा उलटला, येतानी येरमडोहात पाय घसरला. घरी येऊन पाह्यतो, तं थैलीले भोक!"

एका दौऱ्यात माणूस दोनदा पाण्यात पडतो? मी कपाळाला हात लावला. तलाव डेपोच्या उत्तरेला बैलबंडीने रात्रभराची वाट, नदीतला डोह दक्षिणेला तेवढाच लांब. शिमग्याची सुट्टी चार दिवस आणि ती संपली की दुसऱ्या दिवशी साहेबांची वार्षिक तपासणी. म्हणजे नीट शोधायला एकच पाणी. चुकीचं निवडलं की नामदेवभाऊची नोकरी संपली.

*

आमचे हेडक्लार्क दिगंबरपंत मूळचे नागपूरचे. त्यांचा मेहुणा मालवाहू बोटीवर होता आणि जगभर हिंडून येई. त्याने वेस्ट इंडीजकडून एक वस्तू आणली होती, ती पंतांनी दुसऱ्या दिवशी डब्यातून काढली. रबराचा एक मुखवटा, पुढे काच.

"हे लावून पाण्याखाली स्वच्छ दिसतं," पंत म्हणाले. "तिकडे कॅरिबियन समुद्रात लोक सुट्टी घेऊन जातात. काठावर बंगले असतात. कुठला बंगला बरा, कुठलं पाणी निवळ, हे आधी पत्र लिहून विचारतात. मग आठ आठ दिवस डुबक्या मारून मासे बघतात."

पिपरटोल्याच्या तलावावर मासे धरणारा बिसन ढिवर तेव्हा बांबूचा परवाना घ्यायला आला होता. तो दाराशीच थबकला.

"मंग पकडत असन ना जी?"

"नाही. नुसते बघतात."

"पकडत नाई?"

"नाही."

"खात बी नाई?"

"अरे, नाही!"

बिसनने परवाना खिशात घातला आणि हळू आवाजात मला विचारलं, "तिकडच्या लोकाइले डाक्टर नाई भेटत का भाऊ?"

*

पण पंतांच्या डोक्यात कल्पना आली होती. हातोडा शोधायला गेलो असं कळलं तर बोभाटा होणार. सुट्टीत डुबक्या मारायला गेलो असं म्हटलं, तर लोक फार तर वेडे म्हणतील. आणि रीतीप्रमाणे बंगल्यांना पत्रं लिहून सोयी विचारायच्या!

"पंत, आपल्याला हातोडा शोधायचा आहे, बंगला नाही!" मी ओरडलो.

"चार दिवस राहणार कुठे? झाडावर?"

दोन्ही पाण्यांच्या काठी खात्याचे डाकबंगले होते, त्यांच्या चौकीदारांना मीच पत्रं लिहिली. पाणी किती खोल, तळ कसा, धोका काय, जेवणाची व्यवस्था काय. गाडीवानांच्या हाती पाठवली. उत्तरं वाचून मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.

पिपरटोल्याचा चौकीदार लिहितो: "पाणी दोन पुरुष खोल. मगर फक्त एक आहे, तीसुद्धा वयस्कर. कोंबडी मिळेल."

येरमडोहाचा चौकीदार लिहितो: "डोहाला तळ नाही. बंगल्याला छप्पर नाही. बाकी सर्व सोय आहे."

नामदेवभाऊ दोन्ही पत्रं हातात धरून बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो कागद उलटसुलट करून बघत होता, जणू मागच्या बाजूला हातोडा सापडणार. मला फार वाईट वाटलं. आणि ते वाटत असतानाच पंत म्हणाले, "कोंबडी कुठे म्हणालात?"

माणूस इतका निर्लज्ज असू शकतो!

*

मग सुरू झाली चर्चा. पंतांनी कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला डोह. मगर हा तलावाचा दोष. छप्पर नसणं हा डोहाचा दोष. डास दोन्हीकडे समान. पाच दिवस हे चाललं! मी म्हणे डोह, कारण लोखंड पडलं तर वाहत्या पाण्यातही जागचं हलत नाही. पंत म्हणत तलाव, आणि त्यांचं कारण मला ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी नामदेवभाऊची बायको सखूबाई डबा घेऊन आली. आमची रेघ, आमचे दोष, सगळं ऐकत उभी राहिली. मग म्हणाली,

"भाऊ, यायची थैली मीनं धुतली. भोकात हिरवं शेवाळ गुतलं होतं. येरमडोहात कुठी शेवाळ हाये? तिथी नुस्ती रेती."

पंतांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आधी काऊन नाई सांगतलं?" नामदेवभाऊ किंचाळला.

"पाच रोज झाले, तुमी तिघं बंगला पाहून राह्यले. मले कोनी इचारलं का?"

ती डबा ठेवून निघून गेली. पंतांनी मधली रेघ रबराने पुसायला घेतली. तीन शिकलेली आणि बिनशिकलेली डोकी, आणि ज्या बाईने थैली धुतली तिला विचारायचं एकालाही सुचलं नाही!

*

सुट्टीच्या आदल्या रात्री निघून सकाळी पिपरटोल्याला पोचलो तेव्हा बंगला झकास निघाला. व्हरांडा, आरामखुर्च्या, समोर तलाव. चौकीदाराने सलाम ठोकला.

"मगर कुठे आहे?" पंतांनी पहिला प्रश्न विचारला.

"तिकडल्या काठावर ऊन खात असते जी. कोनाले काई करत नाई."

"कशावरून?"

"आतापरेंत कोनी तक्रार नाई केली."

पंत मेहुण्याचा मुखवटा घालून पायरीपायरीने पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत उतरायला अर्धा तास. शेवटी नाक दाबून डोकं बुडवलं, आणि पुढच्या क्षणाला जे बोंबलत वर आले! "डोळे! खाली डोळे आहेत! माणसाएवढे!"

आम्ही सगळे काठावर पळालो. नामदेवभाऊने काठी उचलली. इतक्यात दहा हातांवर बिसन वर आला. त्याला आम्हीच बोलावलं होतं, तो कुणाला न सांगता पहाटेच कामाला लागला होता आणि तळाशी बसून हाताने चिखल चाचपत होता.

"बाबूजी," तो डोळे पुसत म्हणाला, "तुमच्या तोंडावर ते काय हाये? मी खालून पाह्यलं तं माह्याच जीव गेला असता!"

पंतांनी मुखवटा चौकीदाराच्या मुलीला खेळायला दिला आणि उरलेली सुट्टी व्हरांड्यातून मगरीवर नजर ठेवण्यात घालवली. खुर्ची मात्र रोज दोन हात मागे सरकत होती.

*

बिसन एकदा खाली गेला की मी मनात आकडे मोजत असे. पहिल्या दिवशी साठाला घाबरलो. दुसऱ्या दिवशी शंभराला. तिसऱ्या दिवशी दीडशेवर मी चौकीदाराला हाका मारल्या, तर चौकीदार म्हणाला, "थांबा जी, तो कंटाळला की येते."

त्याने वर काय काय आणलं! पितळेचा लोटा, तुटलेली साखळी, बंगल्याची हरवलेली किल्ली. किल्ली पाहून चौकीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. हातोडा मात्र नाही. नामदेवभाऊ जेवेनासा झाला. संध्याकाळी पायरीवर बसून मला म्हणाला, "भाऊ, मले दुसरं कोनतंच काम नाई येत. जंगल सोडून मी कुठी जाऊ?" मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

चौथ्या दिवशी दुपारी, चिंचेखालच्या तिसऱ्या पायरीपाशी बिसन गेला तो वर आला हात उंच करूनच. हातात लोखंड!

काय आरडाओरडा झाला म्हणता! नामदेवभाऊने बिसनला उचललं, चौकीदाराने दोघांना मिठी मारली, पंत व्हरांड्यातून धावत आले. मी विटेने आणि राखेने हातोडा घासला. गंज निघाला, खूण दिसली, खाली नंबर दिसला.

नामदेवभाऊला अक्षरं येत नव्हती, पण आपला नंबर तो झोपेतही ओळखे. तो मटकन खाली बसला.

"माह्यावर सतरा हाये. हा तं सहा!"

सहा? मी डेपोचं हातोड्यांचं रजिस्टर वर्षानुवर्षं लिहीत होतो. त्यात पाच होता, सात होता. सहाची ओळ कोरी होती, मी आलो तेव्हापासून कोरी. मला वाटे, जुन्या कारकुनाची चूक असेल!

बिसनने अंधार पडेपर्यंत पायऱ्या पालथ्या घातल्या. सतरा काही मिळाला नाही आणि सुट्टी संपली.

*

तपासणीच्या सकाळी आमच्यापुढे एकच मार्ग उरला होता. रात्री परतताना बैलबंडीतच पंतांनी सहा नंबराला धावड्याच्या लाकडाचा नवा दांडा बसवला होता आणि तोंडाला डांबर फासलं होतं. "साहेब फक्त हातोडा आहे की नाही बघतात," ते म्हणाले. "डांबरात नंबर कोण वाचतो?"

असली लबाडी मी जन्मात केली नव्हती. सखूबाई डेपोच्या फाटकाशी धाकटीला कडेवर घेऊन उभी होती आणि आत येत नव्हती.

साहेब आले. पिकल्या मिशा, नाकेदारीपासून चढत पेन्शनीला आलेले, कडक माणूस. एकेक नाकेदार पुढे होऊन हातोडा टेबलावर ठेवी, साहेब बघत, मी रजिस्टरमध्ये खूण करी. नामदेवभाऊची पाळी आली. त्याने हातोडा ठेवला आणि हात जोडूनच उभा राहिला.

साहेबांनी हातोडा उचलला. हातात तोलला. मग पुन्हा तोलला. अंगठ्याच्या नखाने डांबर खरवडलं.

मी डोळे मिटले. आता गेलो! नामदेवभाऊ तर गेलाच, पंत आणि मीही गेलो!

डोळे उघडले तर साहेब हातोड्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, नामदेवभाऊपेक्षाही पांढरा झाला होता.

"चिंचेखाली सापडला?" ते म्हणाले. "तिसऱ्या पायरीशी?"

आमच्यापैकी कुणीही तलावाचं नाव काढलं नव्हतं! नामदेवभाऊने होय म्हणून मान हलवली आणि तलाव, डोह, थैलीचं भोक, सगळं एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, हातोड्याचं डांबर पुसलं, सावकाश, सगळं. दांडा काढून टेबलावर ठेवला आणि लोखंड कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. मग रजिस्टर माझ्याकडून ओढून घेतलं आणि सतरा नंबरच्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: "हातोडा पाहिला. बरोबर."

उठता उठता नामदेवभाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"तुझा डोहात असेल. पावसाळ्याच्या आत काढ. माझा काढायला मी उशीर केला होता."