दादाचे गार अणू

आमच्या आत्तेभावाइतका गारव्याचा वेडा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि त्याच्याइतका घामाघूम राहणाराही. नांदेडला तो फिजिक्स शिकवतो. भर मे महिन्यात घरचा कूलर बंद, कारण त्याचा पंप काढून यानं प्रयोगशाळेत जोडलेला. तिथं म्हणे लेसर मारून अणू गार करतात. "दादा, उजेडानं वस्तू तापते की रे!" असं म्हणालो, तर माझा भात गार होईस्तोवर समजावत बसला. गरम अणूंतून काढलेले इलेक्ट्रॉन शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे पांगतात, गार अणूंतून काढले की त्यांचा झोत सरळ जातो, एवढं मला उमगलं. "देवाची कृपा असली की होईल," असं कुणी म्हटलं की मात्र गडी बिघडलाच. "कृपा मोजून दाखव!" हे तो लग्नाच्या पंगतीतही म्हणायचा.

पण झोत काही केल्या निघेना. शेवटी वरच्या समितीनं बजावलं, दसरा झाला की येतो. पडद्यावर झोताचा ठिपका दिसला तर ठीक, नाहीतर यंत्र दुसऱ्या शहरात हलवू. दादाचं जेवणावरचं लक्षच उडालं.

खंडेनवमीला, म्हणजे हत्यारं पुजायच्या दिवशी, निलंग्याहून आत्या आली. घरातली विळी-सुरी पुजून झाल्यावर म्हणाली, "लेकरा, तुजं हत्यार तिकडंच हाय न्हवं?" आम्ही तिला प्रयोगशाळेत नेलं. "आई, दाराला कुंकू लाव," म्हणून दादा फोनवर बोलायला बाहेर गेला; मी नारळ फोडायला दगड शोधत होतो. आत्या अर्धवट काम करणारी नव्हे. तिनं टेबलावरच्या, लेसर वळवणाऱ्या एकूण एक आरशाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

दादानं पाहिलं आणि मटकन खाली बसला. ओरडला मात्र नाही.

"काय चुकलं का रं?"

"न्हाई गं, आई."

पण आईला कळतंच. दसऱ्याचं सोनंसुद्धा न वाटता आत्या सकाळच्या एसटीनं परत गेली.

दादानं आरसे पुसले आणि पुसताना हललेले पुन्हा जुळवले. समिती दारात उभी राहिली तेव्हाही तो जुळवतच होता. दिवे मालवले. पडद्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका उमटला आणि जागचा हलला नाही. यंत्र नांदेडलाच राहिलं.

मंडळी गेली तशी आम्ही निलंग्याची गाडी धरली. आत्या ओट्यावर शेंगा निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "माज्या हातानं लई नासलं का?"

ठिपका आरसे नव्यानं जुळवल्यानं उमटला, हे दादाला नेमकं ठाऊक होतं. तो तिच्याजवळ बसला.

"आई, तुज्या पूजेनंच जमलं बघ."

"हाव?"

"हाव," दादा म्हणाला आणि शेंगा निवडू लागला. आत्यानं पदरानं डोळे टिपले. इतकं धडधडीत खोटं बोलणारा दादा मला जन्मात एवढा आवडला नव्हता.