मुकं गठुडं

"आकडा सांगू नोका," असं म्हणत मामा दोन्ही कानांवर हात ठेवायचे. मग थैली घ्यायला एक हात तर पुढे करावाच लागे, तेव्हा तो उघडा पडलेला कान ते मान वाकडी करून खांद्यावर दाबून धरायचे. अशा अवस्थेत थैली घेऊन, उपरण्यात गुंडाळून, कमरेला बांधून होईपर्यंत त्यांची मान सरळ होत नसे. नवीन माणसाला वाटे, म्हातारबुवांना मानेचं काही दुखणं असावं.

देवळीच्या बाजारातले आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. कोणाचे मामा, ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्हा छोट्या दुकानदारांचे पैसे वर्ध्याच्या ठोक व्यापाऱ्यांकडे पोचवायचे, हे त्यांचं काम. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो आणि ज्याची कोणी कधी विचारपूस करत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत देवळीत बँक नव्हती. वर्ध्यातल्या बँकेतून ड्राफ्ट काढायचा तर स्वतः जायला हवं, म्हणजे तो दिवस दुकान बंद. मनीऑर्डरीचं कमिशन जिवावर यायचं. एक मोटारवाला एजंट नव्यानं आला होता. तो छापील पावती द्यायचा, पण शेकड्यामागं कापूनही घ्यायचा. आणि मग मामा.

वडील गेल्यावर कापडाचं दुकान माझ्याकडे आलं. मी मॅट्रिक झालेला. वडिलांनी जे डोळे मिटून केलं ते आपण डोळे उघडे ठेवून करायचं, अशी एक हवा डोक्यात होती. पैसे पोचवायला माणूस निवडायचा तर तो नीट पारखून, म्हणून मी चौकशीला निघालो. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं तर तो हसत सुटला. "मामाची चौकशी करून राह्यले तुमी? उद्या सूर्याची बी कराल!"

तरीही मी मामांना गादीसमोर बसवून घेतलं आणि बँकेच्या मॅनेजरच्या थाटात विचारलं, "तुमचा दर काय?"

"दर कायचा भाऊ? तुमचे बाबा दिवाळीले धोतरजोडी देत. मधामंधात काही देत. मी काई मोजलं नाई."

"वाटेत थैली हरवली तर जबाबदारी कोणाची?"

"हरवली तर मी बी हरवलो समजा."

"पावती?"

मामांनी उपरण्याच्या गाठीतून चिंध्यांचा एक गुच्छ काढून गादीवर पसरला. एकेका चिंधीवर एकेक शिवण. ही किराण्याची, ही भांड्यांची, ही तुमच्या बाबांची. प्रत्येक दुकानदार थैलीचं तोंड घरी शिवून द्यायचा, आपल्या दोऱ्यानं, आपल्या टाक्यानं. वर्ध्याचे शेठजी शिवण ओळखत, ती शाबूत आहे हे बघत आणि मगच कात्री लावत. मधल्या माणसाला थैली उघडता येत नसे, कारण दुसऱ्याच्या हातचा टाका हुबेहूब कोणाला घालता येत नाही. वडील हिरव्या दोऱ्यानं उलटी टीप घालायचे. हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. चौकशी तिथेच संपली.

आता आमच्याकडे शिवायचं काम माझ्या बायकोकडे आलं. तिचा टाका बारीक, साखळीचा. पहिली थैली घेऊन मामा गेले आणि दुसऱ्या दिवशी तीच थैली तशीच परत घेऊन आले.

"शेठजी म्हनते हे शिवन तुमच्या दुकानची नाई. मी म्हनलं, बरोबर हाय. नाई घेतली तर नाई."

"अहो, पण पैसे तर आमचेच होते! उघडून बघायला सांगायचं."

"आतमंधी काय हाय ते मले काय मालूम? सूनबाई, एका चिंधीवर चार टाके घालून द्या. नेतो अन् वयख करून देतो."

आणि खरंच, पुढच्या खेपेला मामा माझ्या बायकोच्या साखळीटाक्याची शेठजींशी ओळख करून देऊन आले. परत आल्यावर तिला म्हणाले, "शेठजी खुश हाय. म्हनते, पोरीचा हात सफाईचा हाय." ती दोन दिवस हवेत होती. माझ्या दुकानाचं कौतुक शेठजींनी कधी केलं नव्हतं.

मामा वर्ध्याला पायी जायचे. मोटारीत माणसं अंगावर रेलतात, हे त्यांना चालत नसे. चहा पाजला तर थैली मांडीवर घेऊन प्यायचे. कोणाकडे जेवायला बसले तर कमरेची गाठ न सोडता, थोडे तिरपे बसायचे. पण सगळ्यांत मोठं पथ्य ते आकड्याचं. एकदा किराणावाल्यानं मुद्दाम, थैली देता देता, आत किती आहेत ते मोठ्यानं सांगून टाकलं. मामांनी थैली त्याच्या गल्ल्यावर ठेवली.

"आज नाई नेत. परवा द्या. परवापर्यंत इसरतो."

पैसे उशिरा पोचले तर शेठजी बोलतील, म्हणून किराणावाल्यानं हातापाया पडून पाहिलं. मामा हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कानांवर हात ठेवून उभे राहिले आणि थैली घेऊन गेले.

मी त्यांना विचारलं होतं, असं का? मामा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागले.

"भाऊ, आकडा डोक्यात गेला का तो गुपचूप नाई बसत. एवढ्यात बैल येते, एवढ्यात घरावर कवेलू येते, असं सांगत राह्यते. माहा घरी पोरगी हाय लग्नाची. मी काई देवमानूस नाई. गठुडं मुकं असलं का मी बी मुका चालतो."

तेव्हा मला हे ऐकून गंमत वाटली. घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली. ती मात्र हसली नाही, म्हणाली, "बरोबर हाय त्यायचं." मी विषय बदलला.

आता त्या गोष्टीकडे येतो. ती आठवली की आजही जेवण गोड लागत नाही.

दुसऱ्या एका बाजारात असाच कोणी पैसे पोचवणारा थैल्यांसकट पसार झाल्याची बातमी आली. खरी की खोटी, देव जाणे. पण आमच्या बाजारात चुळबुळ सुरू झाली. मारुतीच्या पारावर सगळे दुकानदार जमले. मामांवर कोणाचाच संशय नव्हता, हे प्रत्येकानं दोनदोनदा सांगितलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, मी शिकलेला म्हणून. आणि मी एक नियम सुचवला. थैली शिवण्याआधी रक्कम मामांसमोर मोजायची, त्यांनी स्वतः मोजून खात्री करायची आणि पावतीवर अंगठा द्यायचा. उद्या काही कमीजास्त झालं तर दुकानदार म्हणणार इतके, शेठजी म्हणणार तितके, आणि मधे मरणार मामा. पावती असली तर तेच सुटतील. सगळ्यांना पटलं. मलाही मनापासून पटलं होतं, यावर विश्वास ठेवा. मला त्यांचं भलंच करायचं होतं.

मामा पाराच्या एका कडेला उकिडवे बसले होते. "तुमी सारे म्हनता तर करतो," एवढंच बोलले.

संध्याकाळी दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.

"भाऊ, बाकीच्यायचं जाऊ द्या. तुमी एकटे तरी मले मोजाले लावू नोका. मी तुमच्या बाबापासून ये-जा करून राह्यलो."

मी म्हणालो, "मामा, नियम मीच काढला. मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

"व्हय. तेबी खरं हाय," असं म्हणून ते उठले. जाताना वडिलांच्या फोटोकडे पाहून हात जोडले, ते नेहमीच जोडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचे ते दिवाळीच्या मालाचे पैसे होते. वर्षातली सगळ्यात जड थैली. घड्या पडलेल्या नोटा आणि कापूस विकून आलेल्या लोकांनी दिलेले रुपये, अधेल्या, चिल्लर. मामा माझ्या गादीवर बसून मोजायला लागले. त्यांना मोजता येत नव्हतं असं नाही, फार सावकाश येत होतं. एकेक नोट बोटांनी सरळ करत, ओठ हलवत. मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझी बायको सुईदोरा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी नजर दिली नाही. शेवटी मामांनी आकडा मोठ्यानं उच्चारला, अंगठा दिला आणि शिवलेली थैली कमरेला बांधली. कानावर हात ठेवायचं आता कारण नव्हतं.

दुपारी जेवून मी दुकानात आलो तर मामा पायरीवर बसलेले. एवढ्या वेळात वर्ध्याला जाऊन येणं शक्यच नव्हतं. पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकतो. थैली गेली, असा आला.

त्यांनी उपरणं सोडून थैली माझ्यासमोर ठेवली. शिवण शाबूत होती.

"काय झालं मामा? बरं नाही का?"

"नाल्यावरच्या पुलापाशी बसलो होतो जराकसा," ते म्हणाले. "तिथं पोरीचं लगन लागलं."

मला काही कळेना.

"मांडव घातला. वाजा सांगितला. पोरीच्या हातात पाटल्या घातल्या. इहिनीले लुगडं घेतलं, तुमच्याच दुकानातून. पंगत बसली, वरन, भात, बुंदी, सारं. मंग पंगत उठली अन् पायलं तं गठुडं मांडीवर, अन् माहा हात टाक्यावर." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर धरून माझ्यासमोर केला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. "मोजून घ्या भाऊ. सारे हायेत. मी फक्त डोक्यात खर्च केले."

मी हसण्याचा प्रयत्न केला. म्हणालो, "मामा, असं मनात येतं माणसाच्या. तुम्ही परत आलात ना?"

"आज आलो," मामा म्हणाले.

मी घाईघाईनं म्हणालो, नियम रद्द. पारावरच्यांचं मी बघतो, उद्यापासून पहिल्यासारखं, तुम्ही कानावर हात ठेवा, कोणी आकडा सांगणार नाही. मामांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी थैली तळहातावर घेतली, जरा वर-खाली केली आणि खाली ठेवली.

"आता हाताले समजते. एकदा मोजलं ना मी. आता कानावर हात ठेवून काय उपेग? गठुडं बोलाले लागलं."

त्यानंतर त्यांनी कोणाचीही थैली नेली नाही. चिंध्यांचा गुच्छ सोडून त्यांनी ज्याची चिंधी त्याला परत करून टाकली. वडिलांची हिरव्या टिपेची चिंधी मला आणून दिली. मी मोटारवाल्या एजंटाकडे जायला लागलो. तो दर वेळी छापील पावती द्यायचा, कधी पै इकडची तिकडे झाली नाही. मामा बोरगाव मेघेकडे कोणाच्या तरी मळ्यावर राखणीला लागले, असं कानावर आलं. बाजारात मला कोणी बोल लावला नाही. मामांनीही नाही. लावला असता तर कदाचित मला त्यांच्याकडे जाणं सोपं गेलं असतं.

दीड-दोन वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाची अक्षत आली. मळ्यावरच, आंब्याखाली छोटासा मांडव होता. आम्ही दोघं गेलो. मी बऱ्यापैकी रुपये एका थैलीत घातले होते आणि बायकोला म्हटलं होतं, तोंड शिवून टाक. पाटल्यांपुरते होते. मनात ठरवलं होतं की आहेर लिहिणाऱ्याला आकडा सांगायचाच नाही, थैली सरळ मामांच्या हातात द्यायची. मुकी. त्यांना हवं तसं.

मामा वाढत होते. मला पाहून हातातली बुंदीची परात खाली ठेवून आले, धोतराला हात पुसले. "भाऊ, सूनबाई, आले तुमी!" मी थैली पुढे केली आणि म्हणालो, "आकडा सांगत नाही, मामा."

साखळीटाका त्यांनी लगेच ओळखला. चेहरा उजळला. मग थैली तळहातावर आली, हात आपोआप जरासा वर-खाली झाला, आणि मी बघत असतानाच त्यांचा चेहरा उतरला.

"हे लय हाय, भाऊ."

"मामा, ठेवा. माझ्यासाठी ठेवा."

त्यांनी ऐकलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून बसले, कमरेची चुन्याची डबी काढली, तिच्या धारेनं एकेक टाका उसवायला लागले. जन्मभर लोकांच्या थैल्या नेल्या, पण शिवण उसवताना त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बायकोनं तोंडाला पदर लावला. मामांनी आतून एक रुपया आणि एक पावली काढली, मुलीच्या नावानं कपाळाला लावली आणि बाकीची थैली माझ्या हातात दिली.

"सव्वा रुपया आहेर पोचला. उरलेले मोजून घ्या."

"मामा, मोजायचं काय त्यात?"

"नाई भाऊ. मोजून घ्या. मी उभा हाय."

पंगतीतली माणसं बघत होती. बुंदीची परात तशीच पडली होती. मामा समोर हात जोडून उभे होते आणि हलत नव्हते. मी मांडवात खाली बसलो आणि मोजायला लागलो.