काळीत कुणी आडवं व्हायचं नाही

जमिनीवर इतका जीव असलेला आणि तरीही शेतात एकदासुद्धा पाठ न टेकलेला माणूस आमच्या थोरल्या चुलत्यांखेरीज या पृथ्वीवर दुसरा झाला नसावा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आमचं गाव पवनेच्या काठी, चिंचवड स्टेशनापासून बैलगाडीच्या टप्प्यात. घरं बांधायची ती पांढरीत, म्हणजे गावठाणात, आणि पिकवायचं ते काळीत, ही रीत तेव्हा सगळ्याच गावांत होती. इतरांच्या दृष्टीनं ती रीत होती. आबांच्या दृष्टीनं तो देवानं स्वतः आखून दिलेला नकाशा होता. "काळी ही खायाला दिलीया, निजायला न्हाई," असं ते म्हणत आणि शब्दशः पाळत. ज्वारी राखायला मचाणावर बसत तेही ताठ. माणूस आडवा झाला की मुक्काम आला, मुक्काम आला की चूल आली, चुलीमागे भिंत आली, असं त्यांचं म्हणणं. बसल्या बसल्या डोळा लागे ती गोष्ट वेगळी. त्यांच्या घोरण्यानं रानडुकरं वाट बदलत, आणि शेजारच्या राखणदाराला झोप येत नसल्यामुळे आमच्या शिवारात चोरी म्हणून कधी झाली नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मुंबईच्या रस्त्याला लागून कारखाने येणार, अशा बातम्या रोज येत. पिंपरीकडे कुणी चार खांब रोवले तरी आमच्या पारावर त्याची चिमणी होऊन धूर निघू लागे. अशा दिवसांत गावानं आबांना सरपंच केलं आणि त्यांनी पंचायतीचा पहिलाच ठराव मांडला: पांढरीबाहेर कुणीही काहीही बांधायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले, कारण तो ठराव दुसऱ्यांसाठी आहे असं प्रत्येकाला वाटलं होतं. पहिला बडगा पडला तो आबांच्याच गोठ्यावर. तो मळ्यात होता. आबांनी स्वतः कुडाच्या भिंती उपसून काढल्या. काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सरपंच झालात म्हंजे मी म्हशी काय पंचायतीत बांधू व्हय?" आबांना ही कल्पना पसंत पडली. तो सबंध पावसाळा म्हशी चावडीच्या पडवीत होत्या. सभेला पंच येवोत न येवोत, म्हशी हजर असत. एकदा विरोधी बाजूचे एक पंच तावातावानं बोलत असताना म्हशीनं मागून शेपटी मारली, तेव्हा आबा गंभीरपणे म्हणाले, "बसा पाटील, यांचं बी म्हणणं ऐकून घेऊ."

आबा ऐकेनात तेव्हा शेतात बांधू पाहणाऱ्या काहींनी देवाला पुढे केलं. बांधावर एका रात्रीत शेंदूर फासलेला मारुती उगवला. आज दगड, उद्या चौथरा, परवा पुजाऱ्याची खोली, हे आबांनी ओळखलं. ते अनवाणी गेले, दगडापुढे नारळ फोडला आणि म्हणाले, "देवा, तुजा मान मोठा, पर तुजं घर पांढरीत." मग मारुतीला डोक्यावर घेऊन ते गावात आले. वाटेत उभे असलेले लोक नमस्कार मारुतीला करत होते की आबांना, ते नीट कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबांची मान आखडली. कोप झाला, कोप झाला, असं गावभर झालं. आबा शेक घेत म्हणाले, "कोप कसला लेको, दगड जड हुता."

पण नुसतं 'नाही' म्हणून भागणार नाही हे त्यांना कळत होतं. कारखाना आला की चार पोरांना काम लागेल, हेही त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी गावाच्या वरच्या अंगाचा माळ हेरून ठेवला होता. निव्वळ मुरूम. तिथे कुसळंसुद्धा नाइलाजानं उगवत. हा माळ कारखान्याला द्यायचा आणि नदीकाठची काळी राखायची, असा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठी ते माळाचं कौतुक मुलीच्या लग्नाच्या काळजीत पडलेल्या एखाद्या बापासारखं करत. "वारा बगा कसा मोकळा हाय. पाया खणाया नको, दगुड वरच हाय." माळाला कुणी नावं ठेवली तर त्यांना राग येई. पंचांना त्यांनी ताकीदच दिली होती, की पाहुण्यांसमोर माळाला उजाड म्हणायचं नाही, प्रशस्त म्हणायचं.

अखेर जागा पाहायला साहेब लोक येणार असा निरोप आला. दिवस हुरड्याचे होते. पंचांत मी सर्वांत लहान आणि मॅट्रिक झालेला, म्हणून पाहुण्यांच्या सरबराईचं काम माझ्याकडे आलं. आबा पहाटेच सतरंजी आणि शाळेतल्या खुर्च्या घेऊन माळावर गेले होते. साहेबांना थेट वर घेऊन यायचं, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. आता आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत पाहुणा आला आणि त्याला शेतात बसवून कोवळी कणसं भाजून खाऊ घातली नाहीत, तर गावाची मान खाली जाते. आणि हुरडा घालायचा तो गावातल्या सर्वांत चांगल्या शेतात, हेही ठरलेलं. ते नदीकाठच्या काळीतलं आमचंच. मी जीप नदीच्या रस्त्यालाच थांबवली.

काय ज्वारी होती त्या साली! मोठे साहेब लसणाच्या चटणीबरोबर खात होते आणि इकडेतिकडे पाहत होते.

"पाणी किती खोल लागतं हो इथे?"

"खोल कसलं साहेब? हातानं उकरलं तरी लागतं."

"पूर?"

"आमच्या आजोबांनीसुद्धा पाहिला नाही."

"जमीन अगदी सपाट दिसते."

"परातीसारखी, साहेब!" मी म्हणालो आणि आणखी गूळ वाढला.

आमच्या शेताचं कौतुक होतंय या आनंदात मला दुसरं काही सुचलं नाही. ऊन चढलं, पोटं भरली. माळ पुन्हा कधीतरी पाहू, असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

मी वर गेलो तेव्हा दिवस कलला होता. मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे आबा नवा फेटा बांधून उभे होते. सकाळपासून ते खुर्चीवर बसले नव्हते. पाहुण्यांच्या आधी कसं बसायचं?

"जेवलं का पाव्हणं नीट?" त्यांनी विचारलं.

"जेवले."

"काय इचारीत हुतं?"

मी सगळं सांगितलं. आबा सतरंजी गुंडाळू लागले. एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, "तुजं काय चुकलं? पाव्हण्याला काय कुसळं चारायची हुती व्हय?"

पुढे जमीन ताब्यात घेण्याच्या सरकारी नोटिसा आल्या त्या नदीकाठच्या काळीसाठी. माळाचा त्यांत उल्लेखही नव्हता. गाव खवळलं. सरपंचानं साहेबांना बोलावलं, सरपंचानं हुरडा घातला, सरपंचानं आतून जमीन देऊन टाकली, असं पारावर ठरलं. आबा तालुक्याला खेटे घालत राहिले, मामलेदारांपुढे माळाचे गुण गात राहिले. गावापुढे मात्र त्यांनी एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पंचायतीनं केलं म्हंजे सरपंचानं केलं. त्यात काय वाटून घ्यायचं?" मला हे पटलं असं मी स्वतःला पटवलं. शेवटी आबांनी राजीनामा दिला आणि गावानं सरपंच म्हणून ज्याला निवडलं, तो मी.

त्यानंतर आबांनी जे केलं, त्यावरून त्यांना वेड लागलं असं सगळ्यांचं मत झालं. काळी ताब्यात जायला अजून अवकाश होता. पीक निघाल्यावर आबा स्वतःच्या रानाची माती कुदळीनं सोलू लागले आणि गाडीत भरून माळावरच्या आपल्या तुकड्यात नेऊन पसरू लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी वर आणि गाडी खाली. पोरं गाडीमागून ओरडत, "आबा, नदी कवा न्यायची वर?" आबा म्हणत, "माती टिकली की बगू."

पंचायतीत तक्रार आली. पाटील म्हणाले, "सरपंच, तुमचा चुलता सरकारची जमीन उचलून नेतोय. बंद करा, न्हाईतर गावावर बला येईल." सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं बोलायला याहून चांगली वेळ पुन्हा आली नाही. मी एवढंच म्हणालो, "अजून ताबा गेलेला नाही. नेऊ द्या." दुसऱ्या दिवशी मी माझे बैल जुंपले. आबांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "थर पातळ भर. बैलं लहान हाईत तुजी."

पहिल्या वर्षी माळावरची ज्वारी गुडघ्याएवढी आली. लोक हसले. आबा तिच्या कडेला उकिडवे बसून मला समजावत होते, "माती पाव्हणी हाय अजून. बुजलीया. रुळंल." ती रुळलेली त्यांना फार वर्षं पाहता आली नाही.

गावात आजही कुणाला विचारा, काळी कुणी घालवली, तर आबांचं नाव सांगतात. माझ्या वयाचं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे हे दुरुस्त करणारंही माझ्याशिवाय कुणी नाही. काळी मी घालवली. आबांनी ती वाचवली. गाडीत मावली तेवढी.

माळावर आता चाळी आहेत, कारखान्यातली कुटुंबं राहतात. एका चाळीमागे आबांच्या तुकड्यातला जेमतेम अंगणाएवढा भाग उरला आहे. परभणीकडची एक बाई तिथे मेथी आणि कोथिंबीर लावते. परवा मी तिथे काठी टेकून उभा होतो, तर ती जुडी बांधता बांधता म्हणाली, "अवो आजोबा, सगळीकडं मुरूम हाय, अन् इथंच कशी वो अशी काळी माती?"

"ती इथली नाही. आणलेली आहे," मी म्हणालो.

"येवढी? कुणी आणली?"

"आमच्या सरपंचांनी," मी म्हणालो.