न्यूझीलंडची व्हॅन आणि वाईचा दहावा

गाडी सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद होती. आत दोन शेगड्या, एक छोटं बेसिन, ऐंशी लिटर पाण्याची टाकी आणि दिवसा बाक, रात्री पलंग होणारी जागा. एकाने उभं राहून कपडे घालायचे तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं, एवढीच मोकळीक. अशा गाडीत मी माझ्या बायकोपासून तिच्या आईचं मरण चार दिवस लपवून ठेवलं.

मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. हंगामात दर तासाला रसाचे नमुने येतात, त्यांचे आकडे नोंदवायचे आणि सही करायची. अठ्ठावीस वर्षांत माझ्या नोंदीत खाडाखोड फार थोडी. त्या वर्षी हंगाम मार्चच्या सुरुवातीलाच संपला आणि त्याच महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. न्यूझीलंड ठरवलं ते तिथे वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात म्हणून. पंधरा दिवस, दक्षिणेकडचं बेट, ख्राइस्टचर्चहून निघून ख्राइस्टचर्चलाच परत.

बायकोचं मन निघत नव्हतं. तिची आई वाईला तिच्या धाकट्या भावाकडे होती, वय एक्क्याऐंशी. पडून नव्हती, पण थकली होती. निघताना आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हातारीनेच तिला हाकललं. "जा बाई एकदाची. हितं बसून माझं तोंड किती बघशील?"

रोज दुपारी साडेचारला बायको वाईला फोन लावायची. तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असत आणि आईची पूजा झालेली असे. साडेसात तासांचा हा फरक मी कागदावर लिहून पुढच्या काचेपाशी चिकटवला होता. तिथलं सिमकार्ड एकच घेतलं होतं, माझ्या फोनमध्ये. तिच्या फोनचं इंटरनेट माझ्या फोनवरूनच चाले.

सहलीच्या पाचव्या दिवशी, बुधवारी, आम्ही वानाका नावाच्या गावात तळ्याकाठी होतो. पहाटे सहाला उठून पाणी भरायला बाहेर आलो आणि फोन पाहिला. मेहुण्याचा निरोप होता. "आई गेली. आक्काला सांगू नका. फोन करा."

मी स्वच्छतागृहाच्या मागे जाऊन फोन लावला. मेहुणा फौजेतून निवृत्त झालेला, बोलणं थोडक्यात.

"साडेपाचला गेली दाजी. चहा पिऊन टेकली ती टेकलीच. आत्ताच अग्नी देऊन आलो."

"आम्ही निघतो."

"निघून काय करताय? तोंड तर बघायला मिळणार न्हाई. आक्का त्या एवढ्याशा गाडीत रडून रडून आजारी पडंल. लेकीला सुतक तीन दिवसांचं. तेवढं जाऊ द्या, मग सांगा. दहाव्याला आणा म्हंजे झालं."

आमच्याकडे हीच पद्धत आहे. लांबच्या माणसाला मरण सरळ कळवत नाहीत. 'जरा जास्त आहे, निघून ये' म्हणतात आणि माणूस दारात येऊन गर्दी पाहतो तेव्हा त्याला कळतं. माझ्या वडिलांच्या वेळी मलाही असंच आणलं होतं. तेव्हा मला राग आला होता, पण मेहुण्याचं बोलणं ऐकताना तो आठवला नाही. तीन दिवस हा आकडा मला सोयीचा वाटला.

गाडीत येऊन मी डायरी काढली. रोज किती किलोमीटर झाले, गॅस किती, पाणी किती, हे मी तिच्यात लिहीत होतो. त्या दिवसाचं पान उघडलं, बुधवारचं, आणि खाली लिहिलं, 'आई गेल्या. दिवस पहिला.' मग पुढची पानं उलटत आकडे टाकले. दहावा पुढच्या शुक्रवारी येत होता.

बायको उठली, तिने डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावली. धुराचा भोंगा वाजला म्हणून हसत हसत दार उघडून टॉवेलने वारा घातला. सुतकात देवाला शिवायचं नाही हे तिला माहीत होतं. सुतक आहे हे मला माहीत होतं. मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं.

दुपारी साडेचारला फोन लागू नये म्हणून मी रस्ता बदलला. नकाशात पश्चिमेच्या किनाऱ्याला जाणारा एक लांब रस्ता होता, जिथे शंभर शंभर किलोमीटर रेंज नसते. तो मी मुद्दाम घेतला. जिथे रेंज आली तिथे फोनमधली जोडणी बंद ठेवली.

"आज पण लागत नाही?" ती विचारायची.

"डोंगर आहेत ना."

"आई वाट बघत बसली असेल. औषध घेतलं का ते तरी कळायला हवं होतं."

मी गाडी चालवत राहायचो. रस्त्यावर पाहत बसायला मला कारण होतं, तेवढं बरं होतं.

गुरुवारी लग्नाचा वाढदिवस. तिने सांगलीहून डब्यात रवा भाजून आणला होता. नदीकाठी गाडी लावून तिने शिरा केला, देवाला नैवेद्य दाखवला आणि वाटी माझ्या हातात दिली. वेलदोडा जास्त झालाय का, असं विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. नको म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

माझ्या हिशोबाने तीन दिवस शुक्रवारी संपले. शनिवारी सांगायचं ठरवलं होतं. शनिवारी आम्ही बर्फाचा डोंगर जवळून बघायला गेलो. तिचे गुडघे दुखतात, तरी ती दीड तास चालली आणि वर पोचल्यावर म्हणाली, "आईला फोटो दाखवीन, म्हणेल कापूस पसरलाय." मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी होकिटिका नावाच्या गावात समुद्राजवळ गाडी लावली होती. ती भांडी विसळत होती. मी नळ बंद केला आणि सांगितलं.

तिने हात पुसले. बाकावर बसली. मग विचारलं, "कधी?"

"बुधवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

"मी शिरा केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि खाल्लात. परत मागून खाल्लात."

ती दार उघडून बाहेर गेली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांपर्यंत चालत गेली आणि तिथे गाडीकडे पाठ करून बसली. मी मागे गेलो नाही. तासाभराने परत आली तेव्हा डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता.

"दहावा कधी आहे?"

"शुक्रवारी."

"मी दहाव्याला घाटावर असले पाहिजे. बाकी मी तुम्हाला काही विचारत नाही. एवढं करा."

मी फोनची जोडणी चालू केली आणि तिकिटं बघितली. सोमवारी जागा नव्हती. मंगळवारी दोन होत्या, पण मध्ये विमान बदलायला पन्नासच मिनिटं मिळत होती. बुधवारी संध्याकाळच्या विमानाला चार तास मिळत होते. ते विमान गुरुवारी सकाळी साडेदहाला मुंबईत उतरणार, तिथून मोटारीने दुपारी चारच्या सुमारास वाई. दहावा शुक्रवारी सकाळी. हातात पूर्ण एक रात्र राहत होती. पन्नास मिनिटांवर भरवसा ठेवणं मला पटलं नाही. मी तिला दोन्ही विमानं समजावून सांगितली.

"नक्की ना?" ती म्हणाली. "मंगळवारचं लवकर आहे."

"मंगळवारचं चुकलं तर मध्येच अडकू. बुधवारचं नक्की आहे."

मी बुधवारची तिकिटं काढली. भावाला फोन लावून देतो म्हटलं तर ती नको म्हणाली. "त्याच्याशी मी समोर बोलेन. तोही तुमच्यातलाच." मग मीच मेहुण्याला निरोप टाकला, 'गुरुवारी दुपारी चारपर्यंत पोचतो.' त्याने उत्तर पाठवलं, 'बरं. या.'

संध्याकाळी ख्राइस्टचर्चला आलो. पुढचे तीन दिवस गाडी एका तळावर उभी होती. तिने तिथे डोक्यावरून अंघोळ केली, गणपतीचा फोटो कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि शेगडीला हात लावला नाही. तिने ऐकल्या दिवसापासून सुतक धरलं होतं. मी तांदूळ शिजवायचो, ती दोन घास खायची. पलंगावर झोपायचं सोडून ती पुढच्या सीटवर पांघरूण घेऊन पडायची. चार हातांवर ती असायची आणि दोघंही जागे असायचो. कधीतरी मध्येच म्हणायची, "दहाव्याला तरी असेन." मी म्हणायचो, "असशील."

विमानं वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. खंबाटकीचा घाट ओलांडला तेव्हा पावणेचार वाजले होते. तिने साडीचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी मला साडेसहाला उठवा."

दारात मांडवाचं कापड घड्या घालून ठेवलेलं होतं. मेहुण्याच्या डोक्यावरचे केस काढलेले. तो पुढे आला आणि बहिणीला जवळ घेऊन रडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिकीटच मिळालं न्हाई व्हय आदलं?"

"कशासाठी?" मी विचारलं.

"दहाव्यासाठी. आज सकाळी झाला की."

मी म्हणालो, "उद्या आहे ना. शुक्रवारी."

"दाजी, मंगळवारी गेली आई. मंगळवारी साडेपाचला, सांजचं. तुमाला फोनवर सांगितलं न्हवं?"

मला ते उभ्या उभ्या कळलं. त्याने अग्नी देऊन आल्याचं सांगितलं तेव्हा वाईत मंगळवारची रात्र होती. आमच्याकडे बुधवार उजाडला होता. फरक माझ्या डोळ्यांसमोर काचेला चिकटवलेला होता आणि मी माझ्या डायरीतल्या त्या दिवसाच्या पानावर 'पहिला' लिहून मोकळा झालो होतो. मंगळवारच्या विमानाने आलो असतो तर ती आज सकाळी घाटावर असती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने भावाला विचारलं, "कावळा शिवला?"

तो मांडवाच्या कापडाच्या घड्या सारख्या करू लागला.

"शिवला का नाही?"

"साडेनऊला पिंड ठेवला, बारापर्यंत बसलो," तो म्हणाला. "समोर झाडावर दोन बसले व्हते. खाली येईनात. सगळ्यांची नावं घेतली. तुजं चारदा घेतलं, म्हणलं आक्का येतीया, वाटंत हाय. न्हाई आले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

ती उंबऱ्यावर बसली. पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती. तिथे ती जशी रडली तशी होकिटिकाच्या समुद्रावरही रडली नसेल. मला तिच्याजवळ जाता येईना, कारण वाटेत तिची सगळी माणसं होती आणि त्यांना वाटत होतं ती आईसाठी रडते आहे. आईसाठीही होतंच.

तेराव्याला पंगत बसली. मी पाणी वाढत होतो. तिची एक म्हातारी चुलती चौघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकुलती लेक, आन् दहाव्याला न्हाई. कुठं आडली व्हतीस गं बये?"

"विमान चुकलं, काकी," बायको म्हणाली. "मध्ये बदलायचं होतं, तिथं चुकलं."

"आवं जावई, मग आदलं न्हाई का घ्यायचं?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "आदल्यात जागा नव्हती."

संध्याकाळी माणसं गेल्यावर मी तिला विचारलं, खोटं का सांगितलंस. ती ताटं आवरत होती.

"खरं सांगितलं असतं तर हसली असती माणसं. दिवस मोजायला चुकले म्हणून. माझ्या आईच्या तेराव्याला कुणी हसायला नको होतं."

सांगलीला परत आल्यावर आम्ही या विषयावर फारसं बोललो नाही. ती माझ्याशी नीट वागते. डबा देते, गोळ्यांची आठवण करते, कारखान्यातलं काही सांगितलं तर ऐकते. न्यूझीलंडचे फोटो तिने उघडलेले नाहीत. मागच्या आठवड्यात मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो. वर्षश्राद्ध तिथीने करायचं म्हणून पानं चाळत होतो. ती आतून आली आणि तिने कॅलेंडर माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवलं.

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली. "दिवस मी भावाला विचारून घेतलाय. आदल्या दिवशी सकाळीच निघायचं आहे. तुम्ही फक्त गाडी काढा."