अहवालाचे दुसरे पान

ही घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. चोरांनी मला फसवले, वरिष्ठांनी झापले, ते सारे मी कधीच विसरलो. ही मात्र माझी स्वतःची चूक होती आणि ती मनातून जाता जात नाही.

तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पूर्णगडच्या बाजूचा एक तरुण छोटी होडी घेऊन एकटाच मासेमारीला गेला आणि परतला नाही. होडी उलटलेली सापडली. त्याची आई, पन्नाशीची विधवा, ठाण्यात आली आणि आम्ही तो बेपत्ता असल्याची नोंद घेतली. तीन आठवड्यांनी खडकांत अडकलेले एक प्रेत मिळाले. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, अंगावर कपडा नव्हता. आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, सगळे रीतसर झाले. मांडीच्या हाडाचा तुकडा आणि त्या बाईंचे रक्त डीएनए तपासणीला पाठवले.

पोलीस अहवाल कसा वाचतात ते सांगतो. आम्ही थेट शेवटची ओळ गाठतो. वरचे तक्ते बघायला वेळ कुणाला? पहिल्या पानाच्या शेवटी लिहिले होते, ‘सदर महिला मृताची जैविक आई असू शकत नाही.’ मागे आणखी एक पान टाचलेले होते. त्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगाच्या रांगा होत्या. ए, टी, जी, सी, आणि पुन्हा तीच. मी ते पान उलटले आणि फाईल बांधून टाकली.

बाईंना बोलावून घेतले. खरे सांगायचे तर मला आनंदच झाला होता. म्हणालो, “बाई, ते प्रेत तुमच्या मुलाचं नाही. तो कुठेतरी जिवंतही असेल. धीर धरा.”

त्यांनी विचारले, “मशीन खोटा बोलत नाय ना, साहेब?”

“कधीच नाही,” मी ठासून सांगितले.

प्रेत बेवारस ठरले. स्मशानाच्या कोपऱ्यात ते पुरले आणि वर नंबराची पाटी ठोकली.

त्यानंतर दर शुक्रवारी बाई आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन ठाण्यात येऊ लागल्या. दोघींची घरे शेजारी-शेजारी होती. बाकावर बसायच्या आणि एकच विचारायच्या, “काय खबर, साहेब?” एकदा म्हणाल्या, मुलाच्या मोबाईलला दर महिन्याला रिचार्ज मारून घेते. “रोज फोन लावते मी. बंद हाय म्हणून सांगते ती बाई. पण नंबर तर हाय ना.” हे ऐकून एक हवालदार गालात हसला. मी त्याला झापले. आशा मी दिली होती, तिची राखण करणे मला माझे कामच वाटत होते.

चार महिन्यांनी खबर मिळाली. माझे खबरी एरवी पानटपरीवर भेटायचे, ही खबर प्रयोगशाळेतून आली. तिथल्या मॅडम अनोळखी मृतांच्या नोंदी संगणकात भरत होत्या. त्यांनी फोनवर विचारले, “साहेब, दुसरं पान वाचलंत का?”

मी फाईल काढली. त्यांनी मला ते पान लहान मुलाला शिकवावे तसे वाचायला शिकवले. वर नोंदीचा क्रमांक, खाली नमुना कशाचा आणि कुठे सापडला ते, मग रांगेची लांबी, मग अक्षरे.

“पहिल्या पानावरचं अर्धं बापाकडून येतं, अर्धं आईकडून. ते जुळलं नाही. पण डीएनएचा एक छोटा भाग फक्त आईकडून येतो. तो तिच्या सगळ्या मुलांत सारखाच असतो आणि मुली तो पुढे देतात. दुसरं पान त्याचं आहे. मृताची आणि त्या बाईंची रांग अक्षरन् अक्षर सारखी आहे.”

“म्हणजे?”

“एवढ्यावरून ओळख पटत नाही. पण त्या त्याच्या आईच्या माहेरच्या असू शकतात. त्यांना बहीण आहे का?”

ती बहीण दर शुक्रवारी माझ्यासमोर बसत होती.

मी त्यांना ठाण्यात बोलावले नाही. महिला शिपाई घेऊन साध्या कपड्यांत घरी गेलो. सराईत गुन्हेगाराला बोलते करायची माझी रीत एकच, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. ती रीत तिथे वापरताना माझी मलाच लाज वाटली.

“बाई, मुलगा तुमच्या पोटचा?”

थोरलीने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. धाकटी जमिनीकडे बघत बोलली, “माजा जन्मला नि गेला. त्याच आठवड्यात हिला दुसरा झाला. हिनं तो माज्या पदरात घातला. माजं दूध पिऊन वाढलाय तो, साहेब. त्याला कधी कुणी सांगितलं नाय.”

“रक्त देताना तरी सांगायचं होतं.”

“मना वाटलं, माज्या दुधावर वाढला, तर रक्त माजंच असल. तुम्ही नाय म्हणालात, तवा समजले मी काय ते. पण तुम्हीच म्हणालात, तो जिवंत असल. मग मी गप बसले. बोलले असते तर तो मेला असता. आणि माजा पन राहिला नसता.”

थोरलीने रक्त दिले. ते जुळले. जबाबावर अंगठा उठवताना ती एवढेच म्हणाली, “माज्या नावाफुडं खाला, मावशी म्हणून लिवा. तो मना खालाच म्हणायचा.” प्रयोगशाळेच्या कागदावर खरे ते लिहावेच लागले. पण ओळख पटल्याच्या पंचनाम्यात आई म्हणून मी धाकटीचेच नाव घातले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर तेच होते.

त्या दिवसापासून मी कुठलाही अहवाल पहिल्या ओळीपासून वाचला, न कळलेले फोन करून विचारले. शहाणपण आले, पण ते एका आईच्या चार महिन्यांवर आले. मशीन खोटे बोलले नव्हते. अर्धे वाचून पूर्ण बोललो तो मी.

नंबराची पाटी काढून नावाची लावली, त्या दिवशी मी तिथे होतो. मौलवींची दुवा संपली, माणसे पांगली. थोरली बहीण धाकटीचा हात धरून उभी होती. मला वाटले, आता धाकटी मला शिव्याशाप देणार, आणि द्यायलाच हवे होते. ती जवळ आली आणि एखाद्या कचेरीत विचारावे तसे तिने मला विचारले, “साहेब, आता रिचार्ज बंद करू?”